जपानच्या डोंगरात स्वतः गाडी चालवायची आहे? चिनो ते कारुइझावा, तीन दिवस, पायरी-पायरीने

माझा धाकटा भाऊ तोक्योत निशिकासाईला राहतो. आईला घेऊन मी त्याच्याकडे गेले तेव्हा ट्रेनने फिरायचं ते सगळं पहिल्या आठवड्यात फिरून झालं. मग आई म्हणाली, "शहरं पुरे झाली गं, आता जरा डोंगर दाखवा." नागानो प्रांतातल्या डोंगरात बस आहेत, पण तुरळक. एक चुकली की दीड तास बाकावर. म्हणून गाडी भाड्याने घेतली. चालवणारी एकटी मीच, ते का हे पुढे येईलच.

वरंधा किंवा आंबेनळी घाटात ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना तिथला रस्ता अवघड जाणार नाही. गाड्या डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं, आणि समोरून कोणी तुमच्या अंगावर येत नाही. मी चुकले ते वेळेच्या हिशोबात. तिथल्या खेड्यात संध्याकाळी पाचनंतर दुकान, उपाहारगृह, बरेचसे पेट्रोल पंप, सगळं मिटून जातं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या रात्री बिस्किटांवर झोपावं लागलं नसतं.

१. भारतातून निघण्याआधी: आयडीपी

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी, आरटीओतून मिळतो. अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर, फॉर्म ४-ए भरून करायचा. फी १,००० रुपये आणि मुदत एक वर्ष. जपान १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार काढलेला आयडीपीच मानतं आणि भारत त्या करारात आहे, त्यामुळे आपला चालतो. पण तो छापील पुस्तिकेच्या रूपात हातात हवा. इंटरनेटवर पैसे घेऊन "डिजिटल आयडीपी" देणाऱ्या साइट आहेत. त्यांच्या कार्डाला जपानमध्ये काडीची किंमत नाही.

पुस्तिका हातात पडली की तिथेच उभं राहून तपासा: नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, १९४९ चा उल्लेख आहे का, आणि मोटारीच्या वर्गापुढे, म्हणजे 'बी'पुढे, शिक्का आहे का. गाडी देणाऱ्या काउंटरवरची मुलगी माझ्या पुस्तिकेचं पान न् पान उलटून तो शिक्काच शोधत होती.

आता भावाचं. तो दिवाळीला पंधरा दिवस घरी आला, आयडीपी काढला आणि खुशीत परत गेला. तो आयडीपी त्याला जपानमध्ये वापरताच येत नाही. जपानमध्ये रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस देशाबाहेर जाऊन तीन महिन्यांच्या आत परतला, तर असा परवाना तिथे ग्राह्य धरत नाहीत. तिथे राहणाऱ्यांनी भारतीय लायसन्स जपानी लायसन्समध्ये बदलून घ्यायचं. आपल्या लोकांना त्यासाठी लेखी आणि गाडी चालवून दाखवायची, अशा दोन्ही परीक्षा असतात. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा ५० प्रश्नांची झाली आहे आणि ९० टक्के उत्तरं बरोबर लागतात. तुमचे जपानमधले नातेवाईक "चल, मी चालवतो" म्हणाले, तर आधी त्यांचं लायसन्स बघा.

गाडी घेताना आणि चालवताना जवळ असावं असं:

- मूळ भारतीय लायसन्स (आयडीपी एकटा पुरत नाही)
- आयडीपीची पुस्तिका
- पासपोर्ट, प्रवेशाच्या शिक्क्यासह
- क्रेडिट कार्ड, शक्यतो गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं
- रोख येन, आणि त्यात १०० येनची भरपूर नाणी
- चालणारं सिम किंवा पॉकेट वायफाय

२. मोसम आणि मार्ग

मी सांगतेय तो मार्ग असा: तोक्योच्या शिंजुकु स्टेशनवरून आझुसा एक्स्प्रेसने चिनो. तिथे गाडी घ्यायची. पहिल्या दिवशी व्हीनस लाइन या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याने उत्सुकुशिगाहारा पठार, मग खाली उतरून उएदाजवळच्या बेश्शो ओनसेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी मुक्काम. दुसऱ्या दिवशी युदानाकावरून शिगा कोगेन, शिबु खिंड आणि कुसात्सुला मुक्काम. तिसऱ्या दिवशी आसामा ज्वालामुखीच्या कडेकडेने कारुइझावा. तिथे गाडी परत करून शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन.

हिवाळ्यात हे जमत नाही. शिबु खिंडीचा रस्ता साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत बर्फामुळे बंद असतो, आणि व्हीनस लाइनचे वरचे टप्पेही. एप्रिलअखेर रस्ता उघडतो तेव्हा दोन्ही बाजूंना कापलेल्या बर्फाच्या भिंती असतात. जुलैत किरिगामिने पठारावर पिवळ्या लिलींचा बहर येतो. ऑक्टोबरमध्ये पानं रंगतात, आधी माथ्यावर, मग हळूहळू खाली. मला ऑक्टोबरच आवडतो, पण महिनाअखेर पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे धरून चाला. एप्रिलअखेरचा गोल्डन वीक आणि ऑगस्टमधला ओबोन टाळा. सगळं जपान तेव्हा सुट्टीवर असतं.

३. गाडी कोणती, विमा कोणता

पिवळ्या पाटीच्या छोट्या गाड्या, म्हणजे ६६० सीसीच्या 'केई' गाड्या, स्वस्त पडतात. दोघं असाल तर चालेल. तिघं-चौघं आणि बॅगा असतील तर चढावर गाडी रडते. कॉम्पॅक्ट हायब्रिड घ्या. स्नानगृहाएवढ्या पार्किंगमध्येही ती मावते.

बुकिंग करताना चार गोष्टी विचारा. एक, गाडी दुसऱ्या गावात सोडायची तर जादा किती? याला 'नोरिसुते' म्हणतात आणि रक्कम कधीकधी चांगलीच असते. दोन, ईटीसी कार्ड भाड्याने मिळेल का? आपल्या फास्टॅगसारखंच काम, फक्त कार्ड गाडीतल्या यंत्रात खुपसायचं. कार्ड नसेल तर टोलनाक्यावर जांभळ्या खुणेच्या ईटीसी मार्गिकेत चुकूनही शिरू नका. तीन, सहा वर्षांखालचं मूल असेल तर चाइल्ड सीट. ती कायद्याने सक्तीची आहे. चार, विमा. मूळ विम्यावर 'मेनसेकी' म्हणजे आपल्या खिशातून जाणारी रक्कम माफ करणारा भाग घ्याच, आणि त्यावर एनओसी-माफी मिळत असेल तर तीही. एनओसी म्हणजे गाडी दुरुस्तीला गेल्यामुळे कंपनीचा बुडालेला धंदा. गाडी चालवत परत आणली तर २०,००० आणि टोइंग करावी लागली तर ५०,००० येन, हा तिथला नेहमीचा दर.

साधा ओरखडा पडला तरी पोलिसांना ११० वर फोन करायचाच. पोलिसांत नोंद नसेल तर विमा मिळत नाही. रुग्णवाहिका ११९. गाडी बंद पडली तर आधी गाडीच्या कंपनीचा नंबर. तो किल्लीच्या पाकिटावर असतो. नाहीतर जेएएफ या वाहनधारकांच्या संस्थेची मदत, #८१३९.

४. पहिले दहा किलोमीटर

पार्किंगमधून निघण्याआधी पाच मिनिटं बसून सगळी बटणं ओळखून घ्या. घरी युरोपीय बनावटीची गाडी असेल तर पहिल्या वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर हलणार. तिथे इंडिकेटर उजव्या हाताला असतो.

गाडीतलं नेव्हिगेशन जपानी पत्त्यापेक्षा फोन नंबरवर जास्त विश्वास ठेवतं. मुक्कामाच्या हॉटेलचा फोन नंबर टाकला की रस्ता तयार. खिंडी, धबधबे यांना फोन नसतो. त्यांच्यासाठी 'मॅपकोड' नावाचा आकड्यांचा संकेत असतो, तो आधीच वहीत उतरवून ठेवा. मी मोबाइलचा नकाशाही लावला होता. वाद झाला तर मोठ्या रस्त्याने नेणाऱ्याचं ऐकायचं. मोबाइलने एकदा जवळचा म्हणून भाताच्या खाचरांमधून असा रस्ता दाखवला की आरसे मिटून गाडी काढावी लागली.

नियमांपैकी आपण हमखास चुकतो ते एवढे:

- लाल उलटा त्रिकोण म्हणजे 'तोमारे', थांबा. चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. वेग कमी करून डोकावणं म्हणजे थांबणं नव्हे, आणि पोलीस नेमके अशाच कोपऱ्यावर उभे असतात.
- रेल्वे फाटक उघडं असलं तरी प्रत्येक वेळी थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग जायचं.
- लाल दिव्याला डावीकडेही वळायचं नाही.
- पाटी नसेल तिथे मधली रेघ असलेल्या साध्या रस्त्यावर ६० ची मर्यादा. डोंगरात बहुधा ४० किंवा ५० ची पाटी असते.
- मधली रेघ पिवळी असेल तर ओव्हरटेकसाठी ती ओलांडायची नाही.
- दारूचा थेंबही नको. पिऊन चालवणाऱ्याबरोबर बसणाऱ्यालाही शिक्षा होते.

आणि हॉर्न. आपल्याकडे घाटातल्या वळणावर हॉर्न वाजवणं हा शहाणपणा, तिथे ती शिवी वाटते. आंधळ्या वळणांवर नारिंगी खांबावर गोल आरसे लावलेले असतात, त्यात बघायचं. निळ्या गोलात भोंग्याचं चित्र असलेली पाटी दिसली तरच वाजवायचा, आणि तिथे वाजवावाच लागतो. तीन दिवसांत मी एकदाही वाजवला नाही. आई म्हणाली, "तुझी गाडी आजारी आहे का?"

५. पहिला दिवस: व्हीनस लाइन

चिनोहून शिराकाबा तलाव, कुरुमायामा, किरिगामिने असा हा सुमारे ७६ किलोमीटरचा रस्ता उत्सुकुशिगाहारापर्यंत जातो. पूर्वी टोल होता, २००२ पासून तो पूर्ण मोफत आहे. गवताळ उघडे डोंगर आणि त्यावरून वळत गेलेला डांबरी पट्टा. आपलं कासचं पठार अजून पाच-सहाशे मीटर उचलून लांबवर अंथरलं तर काहीसं असं दिसेल. हवा स्वच्छ असेल तर दूरवर फुजी दिसतो. किरिगामिने या नावाचाच अर्थ 'धुक्याचं शिखर', त्यामुळे तो दिसेलच अशी खात्री धरू नका. धुकं उतरलं तर हेडलाइट लावा, हाय बीम नको, आणि पुढच्या थांब्यावर चहा घ्या. अर्ध्या तासात चित्र पालटतं.

याशिमागाहाराच्या दलदलीभोवती लाकडी पायवाट आहे. पूर्ण फेरी नाही मारली तरी पहिला टप्पा चालाच.

रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर लाल-पांढरे बाण खाली रोखलेले दिसतील. भावाला वाटलं, इथे गाडी लावा. हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली गेला की बर्फ हटवणाऱ्या यंत्राच्या चालकाला रस्त्याची कड कुठे आहे हे कळावं म्हणून ते असतात. बाण डोक्याच्या किती वर आहे ते बघा, म्हणजे बर्फाचा अंदाज येईल.

मागे स्थानिक गाडी आली तर घाबरून वेग वाढवू नका. मोकळी जागा दिसली की डावीकडे घ्या आणि जाऊ द्या. तो जाताना दोनदा हझार्ड दिवे लुकलुकवेल, म्हणजे धन्यवाद. उतारावर ब्रेक दाबून धरू नका. ऑटोमॅटिक गाडीतही गियरच्या दांड्यावर 'बी', 'एस' किंवा 'एल' असतं, ते टाका.

उत्सुकुशिगाहाराच्या माथ्यावर साधारण २,००० मीटर उंचीवर 'मिचि नो एकी', म्हणजे वाहनांसाठीचा रस्त्याकडेचा थांबा आहे, देशातला सर्वांत उंच. तिथून दुपारी तीनच्या आत निघा. ताकेशीमार्गे खाली उतरताना अंधार नको, कारण हरणं रस्त्यावर येतात.

६. मिचि नो एकी: या प्रवासाचा खरा गाभा

मिचि नो एकी म्हणजे शब्दशः 'रस्त्याचं स्टेशन'. १९९३ मध्ये सरकारने १०३ ठिकाणांची नोंद करून ही योजना सुरू केली. आज देशभर १,२०० हून जास्त आहेत. प्रत्येक ठिकाणी पार्किंग आणि स्वच्छतागृह चोवीस तास, फुकट. आईने पहिल्याच ठिकाणी कमोडच्या गरम बैठकीचा शोध लावला आणि पुढे दर तासाला "एखादं स्टेशन येतंय का बघ" सुरू झालं.

आत शेतकऱ्यांचा माल असतो. मुळ्याच्या जुडीवर, मशरूमच्या पाकिटावर, सफरचंदाच्या पिशवीवर पिकवणाऱ्याचं नाव चिकटवलेलं. नागानो सफरचंदांसाठी प्रसिद्ध आहे, त्यात आओमोरीनंतर त्याचाच नंबर. 'शिनानो स्वीट' आणि पिवळी 'शिनानो गोल्ड' या इथल्याच जाती.

शाकाहारी असाल तर ओयाकी शोधा. कणकेच्या पारीत सारण भरून भाजलेला किंवा वाफवलेला जाडसर गोळा. सारण भोपळ्याचं, वांग्याचं, नोझावाना नावाच्या खारवलेल्या पालेभाजीचं. आईने अझुकी या लाल कडधान्याच्या गोड सारणाचा एक फोडला, वाफ जाऊ दिली, चाखला आणि निकाल दिला, "पुरण आहे. वेलची विसरलेत." पण सोबा नूडल्सच्या बुडवणीत, मिसो सूपमध्ये, कधी भाजीच्या सारणातही माशाचा अर्क असतो. मांस नाही म्हणजे शाकाहारी, असं तिथे नसतं. "निकु तो साकाना वा ताबेमासेन" (मांस-मासे खात नाही) आणि "कात्सुओ-दाशि मो दामे देसु" (माशाचा अर्कही नको) ही दोन वाक्यं कागदावर जपानीत लिहून घ्या आणि दाखवा.

सापळा इथेच आहे. स्वच्छतागृह चोवीस तास, पण दुकान साधारण नऊ ते पाच आणि उपाहारगृह त्याहून आधी बंद. 'स्टेशन आहे, काहीतरी मिळेल' या भरवशावर मी पहिल्या दिवशी साडेपाचला एका ठिकाणी पोचले. दिवे चालू, दारं बंद, फक्त पेयांची यंत्रं. सुरुवातीला सांगितलेली बिस्किटांची रात्र ती हीच.

थकवा आला तर गाडीत डुलकी काढा, ते चालतं. रात्रभराचा मुक्काम म्हणून ठाण मांडू नका. कचऱ्याचे डबे क्वचित असतात, तेव्हा पिशवी गाडीत ठेवा. प्रत्येक ठिकाणी रबरी शिक्का मिळतो, वही असेल तर उमटवून घ्या. आमच्या वहीत सात झाले.

लहान रस्त्यांवर याहूनही छान एक प्रकार दिसतो. शेताच्या बांधावर लाकडी मांडणी, वर पत्रा, तीन पिशव्या टोमॅटो आणि शेजारी भोक पाडलेला डबा. विकणारं कुणी नाही. पिशवी घ्यायची आणि १०० येन डब्यात टाकायचे. आईने नाणं टाकलं, आवाज झाला तरी ती दोन मिनिटं तिथेच उभी. कुणीतरी पाहायला हवं होतं, म्हणाली.

७. पेट्रोल: इथे मी जवळजवळ फसले होते

पंपावर तीन रंग. लाल म्हणजे साधं पेट्रोल, पिवळा म्हणजे हाय-ऑक्टेन, हिरवा म्हणजे डिझेल. जपानीत डिझेलला 'केइयु' म्हणतात, आणि छोटी गाडी ती 'केई'. केई गाडीत केइयु, हा तर्क इतका सरळ वाटतो की जपानी लोकही त्यात फसतात. मी आदल्या रात्री हे शब्द पाठ केले होते, त्याच जोरावर माझा हात हिरव्या नळीकडे गेला, तोही केई गाडी नसताना. भावाने मनगट धरलं. टाकीच्या झाकणामागे इंधनाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचा. माणूस असलेला पंप असेल तर "रेग्युरा, मानतान" एवढंच म्हणा, म्हणजे साधं पेट्रोल, टाकी फुल.

खेड्यातले पंप संध्याकाळी आणि पुष्कळदा रविवारी बंद असतात. अर्धी टाकी झाली की भरायचं.

८. दुसरा दिवस: शिबु खिंड

बेश्शोला सकाळी आनराकुजीचा अष्टकोनी लाकडी पॅगोडा बघून घ्या. मग उएदाहून जोशिन-एत्सु एक्स्प्रेसवेने शिन्शु-नाकानोपर्यंत आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग २९२. पेट्रोल, पाणी, खाणं सगळं युदानाकाच्या परिसरातच. वर पंपाची आशा नको.

शिबु खिंडीजवळ २,१७२ मीटरवर दगडी खूण आहे, जपानच्या राष्ट्रीय महामार्गांवरची सर्वांत उंच जागा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्याही पाचशे मीटर वर तुम्ही गाडीने येता. खाली तोक्योत असते त्यापेक्षा इथे बारा-तेरा अंशांनी थंडी जास्त. स्वेटर डिकीत नको, हाताशी ठेवा. खिंडीतलं एक हॉटेल नागानो आणि गुनमा या प्रांतांच्या सीमेवरच उभं आहे.

पुढे कुसात्सु-शिराने हा जिवंत ज्वालामुखी. त्याची इशारा-पातळी वाढली की रस्ता बंद होतो, म्हणून निघण्याआधी मुक्कामाच्या हॉटेलात विचारा. सेश्शोगावारा नावाच्या उघड्या-बोडक्या टप्प्यात गंधकी वायू येतो. नावाचा अर्थच जीव घेणारं नदीपात्र असा काहीसा आहे. तिथे थांबायला मनाई आहे. काचा वर, आणि फोटोचा मोह आवरा.

कुसात्सुत गावाच्या मधोमध झऱ्याचं गरम पाणी लाकडी पन्हाळींतून वाहतं, ते युबाताके. पाणी भलतंच आम्लधर्मी, चांदीचे दागिने काढून ठेवा. सामायिक स्नानात कपड्यांशिवाय उतरावं लागतं. ते नको असेल तर पाय बुडवून बसायची जागा युबाताकेजवळच आहे, फुकट. आई तासभर उठली नाही.

पारंपरिक मुक्कामात जेवण साधारण सहा-साडेसहाला लागतं आणि उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही. शाकाहारी जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा. आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही.

९. तिसरा दिवस आणि गाडी परत करणं

कुसात्सु ते कारुइझावा अंतर थोडं आहे. वाटेत ओनिओशिदाशी बघा. १७८३ च्या उद्रेकात आसामाने ओकलेल्या लाव्हाचे काळे खडक, त्यातून पायवाटा. सह्याद्रीही लाव्हाचाच, पण इथे तो अजून झिजलेला नाही, कडा बोटाला लागतात.

परतीची वेळ संध्याकाळची असेल तर दोन तास हातात ठेवा. टाकी फुल करून द्यायची असते, पंप स्टेशनजवळचा हवा आणि पावती दाखवावी लागते. भाड्याचं ईटीसी कार्ड यंत्रातच राहू द्या, पण चार्जर, चष्मा, वही बघून घ्या. आणि डिकी. आमच्या डिकीत आईने तीन स्टेशनांवरून जमवलेली अकरा सफरचंदं निघाली. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं भारतात आणता येत नाहीत, हे तिला फलाटावर सांगितलं. तोक्योपर्यंत शिनकानसेनला तास-सव्वातास लागतो, तेवढ्यात तिघांनी मिळून पाच संपवली. सहा भावाच्या फ्रिजमध्ये गेली. शेवटच्या दिवशी दोनच घ्या.